कुंता लागली

डॉ. रुपाली भानारकरला दिल्लीत पुरस्कार मिळाला तेव्हा पेपरवाल्यांनी जे छापलं, त्यातलं निम्मं खोटं होतं. एकाने तिला आदिवासी कन्या करून टाकलं. ती ढिवर आहे, मासेमारी करणाऱ्या जातीतली. गडचिरोली जिल्ह्यातला प्रत्येक माणूस आदिवासी नसतो एवढं तरी नागपुरात बसून कळायला हवं. दुसऱ्याने लिहिलं, वडिलांबरोबर जंगलात कोशाच्या अळ्या बघता बघता म्हणे तिच्यात संशोधनाची आवड रुजली. ते वाचून मी पेपर भिरकावला. वडिलांबरोबर! ज्या बनात त्या अळ्या होत्या तिथे रुपालीला पाऊल टाकायची बंदी होती. मुलगी होती ना ती.

म्हणून हे लिहायला बसले. मी नाहीद. आलापल्लीला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रुपाली आणि मी पाचवीपासून एका बाकावर बसलो. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. असू दे. हे सगळं ज्याने डोळ्यांनी पाहिलं आणि तरी ज्याचं डोकं तापलं नाही, त्याच्या डोक्यात काय भरलंय ते एकदा तपासायला हवं.

रुपालीचं गाव बोरमटोला, आलापल्लीहून फार लांब नाही. तळ्याच्या काठी ढिवरांची घरं आणि पलीकडे ऐनाच्या झाडांचं बन. एरवी ही माणसं मासे मारतात. पावसाळा लागला की पुरुष बनात राहायला जातात. ऐनाच्या पानांवर रेशमाच्या अळ्या वाढवायच्या आणि त्यांनी कोसे विणले की ते विकायचे, हे त्यांचं पिढीजात काम. शहरातल्या बायका टसरची साडी नेसून मिरवतात, तिचा धागा या कोशातून निघतो. अळ्या झाडावर आहेत तोवर पुरुषांनी घरी यायचं नाही. पाखरं हाकायची, मुंग्या झाडायच्या. जन्मभर माशावर वाढलेली माणसं त्या दिवसांत मासा तोंडाला लावत नाहीत. डोक्याला तेल नाही, दाढी नाही, रोज आंघोळ केल्याशिवाय झाडाला हात नाही. इथवर माझी काही तक्रार नाही. रुपाली तर म्हणते, आंघोळीचा नियम ज्याने घातला तो शहाणा असला पाहिजे.

पण बनाभोवती गवताचा एक दोर बांधलेला असतो. त्या दोराच्या आत बाईने जायचं नाही. तिने भाताचा डबा दोराशी ठेवायचा, हाक मारायची आणि मागे फिरायचं. पाळी आलेली असेल तर तेवढंही करायचं नाही, मग तिचा डबा शेजारीण नेते. का? तर अळ्यांना विटाळ चालत नाही. रेशीम कोणाच्या अंगावर जातं तेवढं मात्र कोणी विचारत नाही.

रुपाली चौथीत होती तेव्हाची गोष्ट. तिची आई कुंता. मी तिला कुंतामाय म्हणते. एक दिवस शेजारीण माहेरी गेली होती, म्हणून कुंतामाय स्वतःच डबा घेऊन बनाशी गेली. पाळी होती. तिने हाक मारली, नवऱ्याची ओ आली नाही. पुन्हा मारली. मग तिला दिसलं, की पत्रू, तिचा नवरा, झाडाखाली आडवा पडलाय आणि तापाने थडथड उडतोय. बाकीचे पुरुष बनाच्या दुसऱ्या टोकाला होते. कुंतामाय दोर ओलांडून आत गेली, त्याला पाणी पाजलं, त्याचा हात आपल्या गळ्यात घातला आणि ओढत ओढत रस्त्यावर आणलं. मलेरिया होता. आणखी उशीर झाला असता तर ताप मेंदूत गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पत्रू वाचला.

आठवड्याभरात पत्रूच्या झाडांवरच्या अळ्या मरायला लागल्या. बोटाएवढी हिरवीगार अळी मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लोंबायची, मग काळी पडायची, आणि हात लावला की फुटून घाण पाणी गळायचं. बनातल्या सगळ्या पुरुषांचा म्होरक्या इस्तारीभाऊ. त्याने ठरवलं, बन बाटलं आहे, ते शुद्ध करायचं. त्यांची रीत अशी, की जिथे दोष झाला तिथलीच एक फांदी तोडायची, ती पाण्यात बुडवायची, ते पाणी प्रत्येकाच्या झाडांवर शिंपडत सगळ्या बनाला फेरा घालायचा आणि शेवटी फांदी नदीत सोडायची. म्हणजे दोष वाहून जातो. इस्तारीभाऊने पत्रूच्या झाडाची फांदी तोडली आणि मोठ्या भक्तीने फेरा पुरा केला. एक झाड सोडलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत साऱ्या बनातल्या अळ्या उलट्या लोंबल्या. गाव म्हणालं, बघा, कुंताचा दोष किती कडक, शुद्धीलाही दाद देत नाही.

पंच बसले. इस्तारीभाऊने विचारलं, "कुंता, तू आत गेली होती का?"

"गेली होती."

"कशी होती तू तवा?"

तिने तेही खरं सांगितलं. खोटं बोलायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. मग पत्रूला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तापात पडलो होतो. मले काई ठावं नाई."

मले काई ठावं नाई! जिच्या गळ्यात हात टाकून हा माणूस मरणाच्या दारातून परत आला, तिच्यासाठी त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. पत्रूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. त्याला बनातली त्याची झाडं राहिली आणि बायको-मुलगी गावाबाहेर गेली. कुंताने कोणाला हळद लावायची नाही, तळ्यावर बायकांच्या पंगतीत मासे धरायचे नाहीत, बनाच्या वाटेला फिरकायचं नाही, असं पंचांनी सांगितलं. आज असं कोणाला वाळीत टाकलं तर कायदा आहे. तेव्हा नव्हता. असता तरी तो बोरमटोल्यापर्यंत चालत आला असता की नाही, शंका आहे.

आलापल्लीत माझ्या अब्बांचं दुकान आहे. सगळा मुलूख त्यांना बाबूभाई म्हणतो. जाळी, दोर, बादल्या विकायच्या आणि गावोगावचे कोसे, मोहफुलं विकत घ्यायची, असा त्यांचा व्यापार. अम्मीने गोदामामागची खोली कुंतामायला दिली. ती तापल्या रेतीत चणे फोडायची, मुरमुरे करायची आणि बाजारात बसून विकायची. रुपाली माझ्या शाळेत आली.

आणि त्याच काळात बोरमटोल्यात एक बोलणं सुरू झालं. अळ्या उलट्या लोंबायला लागल्या की लोक म्हणू लागले, "कुंता लागली." रोगाला बाईचं नाव दिलं. बोरमटोल्यातून ते शेजारच्या गावात गेलं, तिथून पुढच्या. कोसे विकायला आलेला माणूस रिकामी गोणी दाखवत अब्बांना सांगायचा, "यंदा काई नाई उरलं, बाबूभाई. कुंता लागली ना." भिंतीपलीकडे कुंतामाय कढईपाशी बसलेली असायची. तिचा झारा थांबायचा नाही. मी आणि रुपाली तिथेच अभ्यास करत असू. रुपाली वहीत पेन इतकं दाबायची की मागच्या पानावर वण उठायचे. अब्बा त्या माणसाला म्हणायचे, "अरे भई, वो नाम इथी नको काढू." असं म्हणायचे आणि त्याचा उरलासुरला माल तोलून घ्यायचे. मला अब्बांचाही राग आहे. खोली दिली, मोठं मन केलं, सगळं खरं. पण त्यांनी एकालाही दुकानाची पायरी उतरायला लावली नाही. गिऱ्हाईक तुटलं असतं ना!

आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. तो कपाटात असायचा, कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसायचं. सातवीत असताना रुपाली दिवाळीत बापाला भेटायला गेली आणि येताना दोराच्या बाहेर पडलेली एक मेलेली अळी बाटलीत घालून घेऊन आली. विज्ञानाच्या सरांना म्हणाली, हिला सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि ती घाण बाहेर फेकायला सांगितली. तिने बाटली फेकली नाही, आमच्या गोदामात पोत्यांमागे लपवली. नंतर गोदामात इतका वास सुटला की अब्बांनी उंदीर मेला समजून सगळी पोती हलवायला लावली.

बी.एस्सी.ला आम्ही दोघी चंद्रपुरात एका खोलीत राहिलो. मी एम.एस्सी.नंतर घरच्यांचं ऐकून बी.एड. केलं. तिला जीवरसायन शिकायचं होतं. "त्याला नोकरी कुठे आहे?" हे तिला किती जणांनी ऐकवलं! ती नागपूरला गेली, तिथून पीएच.डी.ला हैदराबादला. मुलाखतीत एका मोठ्या माणसाने हसत हसत विचारलं, "हे आडनाव कोणत्या बाजूचं?" म्हणजे जात सांग. तिने सांगितली. "म्हणजे कोळी का?" म्हणाले. ती म्हणाली, ढिवर. पुढचे प्रश्न मात्र त्यांनी फार सोपे विचारले. त्याचाच तिला जास्त अपमान वाटला.

तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, रेशमावर काम करायचं तर तुतीच्या किड्यावर कर, जंगली किड्यावरचं कोण वाचतं? हिने हट्टाने ऐनावरचा किडा घेतला. तिथे रोग तपासायची पद्धत अशी होती, की पतंग झालेल्या मादीने अंडी घातली की तिला खलात चिरडायचं आणि तो रस काचेखाली बघायचा. रोग दिसला तर अंडी जाळून टाकायची. रुपालीने अशा किती माद्या चिरडल्या असतील! एकदा फोनवर मला म्हणाली, "नाहीद, इथीबी यायले मादीच सापडली." दोघीही हसलो नाही.

मग तिने जिद्दीने शोधून काढलं, की रोग अंगात असलेल्या मादीच्या रक्तात एक प्रथिन फार आधीपासून वाढतं. मादीच्या पायातून एक थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, रंग बदलला तर अंडी वापरायची नाहीत. चिरडायची गरज नाही. ही पट्टी म्हणजे तिचं नाव झालं. ज्यांना जंगली किड्यावरचं कोणी वाचणार नाही असं वाटत होतं, तेच मार्गदर्शक एका परिषदेत उभे राहून "माझी ही जुनी कल्पना" असं म्हणाले. रुपाली भर सभेत उठली आणि म्हणाली, सर, तुमची जुनी कल्पना तुती होती. हे मला तिच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुरस्कार त्या पट्टीचा. पेपरवाल्यांना पट्टी समजली, फोटो काढायला सोपी. पण रुपालीने ज्यासाठी आयुष्य घालवलं ती गोष्ट दुसरीच होती, आणि ती कोणी छापली नाही. मेलेल्या अळीच्या अंगातलं पाणी ओल्या फांदीवर टिकतं का, ते दुसऱ्या पानांवर शिंपडलं तर काय होतं, याचा प्रयोग तिने प्रयोगशाळेच्या आवारातल्या झाडांवर केला. शिंपडलेल्या प्रत्येक झाडावरच्या अळ्या उलट्या लोंबल्या. मी वर्गात असताना तिचा फोन आला. रडत होती.

"नाहीद, फांदीनं मारलं वो. रोग अंड्यातूनच आला होता, पण तो पत्रूच्या झाडापुरताच मेला असता. इस्तारीभाऊनं फांदीनं साऱ्या बनाले लावला."

बापाला ती नावानेच पत्रू म्हणते. पंच बसले त्या दिवसापासूनच.

सुट्टीत येऊन तिने हे आईला समजावलं. कागदावर अळी काढली, फांदी काढली, बाण काढले. कुंतामायने सगळं ऐकून घेतलं, कढईतली रेती हलवली आणि म्हणाली, "असंन बापा." बस, एवढंच. रुपालीला वाटलं, गाव म्हणेल तेव्हा आईला पटेल. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. पुरस्कार नको, पद नको. इस्तारीभाऊने गावासमोर उभं राहून म्हणावं, की कुंताचा दोष नव्हता. आणि आईच्या डोळ्यांदेखत म्हणावं, कारण आई आता म्हातारी झाली होती.

पुरस्कारानंतर बोरमटोल्याने तिचा सत्कार ठेवला. गावाच्या तोंडाशीच फलक लावला होता, 'बोरमटोल्याची सुकन्या'. मी तो फलक वाचून जीपमध्येच शिव्या दिल्या. या सुकन्येने चौथीत असताना आईच्या बोटाला धरून हे गाव सोडलं, तेव्हा निरोप द्यायला दारात कुत्रंसुद्धा उभं नव्हतं. पण सत्काराचं खरं कारण वेगळं होतं. रुपालीच्या संस्थेने पट्टीवर तपासलेली निरोगी अंडी पहिल्यांदाच गावांना द्यायची ठरवली होती. ती कोणत्या गावाला द्यायची हे रुपालीच्या हातात होतं. दोन वर्षं पीक बुडाल्यामुळे गाव टेकीला आलं होतं. अंड्यांचे खोके आमच्या जीपमध्येच होते.

समाजमंदिर भरलं होतं. स्टेजवर कुंतामायसाठी खुर्ची ठेवली होती. ती तिकडे गेलीच नाही, मागे बायकांत खाली जाऊन बसली. बायकांनी तिला जागा करून दिली. जरा जास्तच जागा करून दिली.

इस्तारीभाऊ आता काठी टेकत चालतो. त्याने रुपालीला शाल घातली, नारळ दिला आणि माइक हातात घेतला. "रुपालीबाई आपल्या गावची शान हाये. तिनं साऱ्या देशात आपलं नाव केलं. आता कोणी भिवाचं काम नाई. आता कुंता लागली तरी आपलं पीक जाणार नाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं नाही सांगत, मी इस्तारीभाऊच्या तोंडाकडे निरखून बघत होते. त्या म्हाताऱ्याला आपण काय बोललो हे कळलंसुद्धा नव्हतं. त्याला डिवचायचं नव्हतं की टोमणा मारायचा नव्हता. सर्दीला सर्दी म्हणावं तसं तो बोलला होता, आणि म्हणूनच माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुंतामाय मान खाली घालून बोटाने सतरंजी कोरत होती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला हेमराज उठला. नुकतंच लग्न झालेला, बापाची झाडं सांभाळणारा चांगला शिकलेला माणूस. त्याने मोठ्या अदबीने विचारलं, "म्याडम, मोबाईलवर वाचावं म्हणतो. कुंताले इंग्रजीत काय म्हणते?"

त्याला माहीतच नव्हतं. हेमराजच्या वयाच्या कोणालाच माहीत नव्हतं, की कुंता हे कुणा बाईचं नाव आहे.

रुपालीने नारळ टेबलावर ठेवला. शाल काढली, तिची नीट घडी घातली. मग माइक घेतला आणि गावच्याच बोलीत बोलली. "हेमराज, मांगं पाय. खांबापाशी लाल लुगड्यातली बाई बसली हाये ना, ती कुंता हाये. मायी माय हाये ती. तिले इंग्रजीतबी कुंताच म्हणते."

रुपालीने सगळं सांगितलं. अंड्यातला रोग, पत्रूचा ताप, फांदी, फेरा. "तुमी बन धुवाले निंगाले, अन् साऱ्या झाडायले रोग फासून आले. अन् नाव कोणाचं ठेवलं? जिनं आपल्या नवऱ्याचा जीव वाचवला तिचं. इस्तारीभाऊ, तुमी माइकवर सांगा, कुंताचा दोष नव्हता. नाई सांगत असान तं मी अंडे वापस नेतो."

शेजारी बसलेला अधिकारी घाबरून म्हणाला, "मॅडम, हे असं बरं दिसत नाही." नंतर कॉलेजातही एकाने मला ऐकवलं, शास्त्रज्ञाने अशी अट घालणं शोभतं का? शोभतं! त्यांनी एका बाईचं नाव रोगाला दिलं ते शोभलं, आणि हिने दोन वाक्यं मागितली ते शोभत नाही?

पुरुषांत कुजबुज झाली. दोघा-तिघांनी इस्तारीभाऊला कोपराने ढोसलं. तो उठला. घसा खाकरून म्हणाला, "कुंताबाईचा दोष नव्हता, असं विज्ञान म्हणते."

"विज्ञान नाई भाऊ. तुमी म्हना."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. शेवटी म्हणाला, "नव्हता तिचा दोष." पुन्हा टाळ्या पडल्या. हेमराजला तर रडायलाच आलं होतं. तो कुंतामायपाशी जाऊन पाया पडला. फोटो निघाले. अंड्यांचे खोके उतरले. मला वाटलं, जिंकलो. इतक्या वर्षांची घाण दोन मिनिटांत धुऊन निघाली असं मला वाटलं, आणि मी तर रसायनशास्त्र शिकवणारी बाई!

परतताना जीपमध्ये कुंतामाय पहिल्यांदा बोलली ती अशी. "अंडे दिले ना त्यायले?"

"दिले माय. तू ऐकलं का, इस्तारीभाऊ काय म्हणाला ते?"

"ऐकलं. अंड्यासाठी म्हणला तो." मग बाहेर सागाच्या झाडांकडे बघत म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाले साऱ्यासमोर कायले उभं केलं वो?"

 

अळ्या बोटाएवढ्या झाल्या तेव्हा रुपाली त्या बघायला पुन्हा आली. या वेळी तिने आईला हट्टाने सोबत घेतलं. मीही गेले. बनाशी इस्तारीभाऊ उभाच होता. त्याने स्वतः गवताच्या दोराची गाठ सोडली, दोर बाजूला धरला आणि म्हणाला, "या बाई. तुमी दोघी मायलेकी आत या." माझ्या जिवाला बरं वाटलं. झाडं हिरवीगार होती, अळ्यांनी फांद्या भरल्या होत्या, एकही उलटी लोंबलेली नव्हती. रुपाली सरळ आत गेली. कुंतामाय जिथे दोर होता तिथेच थांबली.

"ये ना माय."

"नाई."

"काऊन? सोडला ना दोर त्यायनं."

"दोराचं नाई वो." ती दोन पावलं आणखी मागे सरली. "यंदाच्या अळ्या तुया हायेत. मी आत आली अन् मेल्या तं?"

रुपालीचा चेहरा पाहवत नव्हता. "नाई मरत, माय. मी इतके साल तेच तं शिकून राह्यली. तुह्यानं नाई मरत."

"असंन," कुंतामाय म्हणाली. "पन मी गेली तवा मेल्या ना."

मला इस्तारीभाऊची गचांडी धरून त्याला इथे आणावंसं वाटलं, तिच्या समोर उभं करावंसं वाटलं. बघ, दोर सोडलास म्हणतोस! हा कुठे सुटला? त्याने मान खाली घातली होती. घालू दे. त्याने मान खाली घालून माझा राग काही कमी होत नाही.

रुपालीने एक छोटी डहाळी हलकेच तोडली. तिच्यावर एक अळी पान कुरतडत होती. ती घेऊन बाहेर आईपाशी आली. "माय, हात कर. नुसतं हातावर घे. काई होत नाई, तू पाय."

कुंतामायने दोन्ही हात पदराखाली घेतले. वाकली, आणि बराच वेळ त्या अळीकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर हसू होतं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

"किती हिरवी हाये वो," ती म्हणाली. मग एकदम घाबरून मागे सरकली.

"ने, आत ने तिले. मायी सावली पडून राह्यली तिच्यावर."